इथलं की दुसरीकडचं?

माजिवडा, ठाणे
८ सप्टेंबर २०२५

द्वारकाआजी,

बाबा म्हणाले, सुरुवातीला 'तीर्थरूप' लिही. मी म्हटलं, ते लिहिलं तर पुढे काय बोलायचं तेच सुचणार नाही, म्हणून नुसतं तुझं नाव. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून पत्र. पाकीट आणायला पोस्टात मी पहिल्यांदाच गेलेली. तिथल्या काकांनी विचारलं, साधं की रजिस्टर, तर मला फरकच माहीत नव्हता.

आजी तशीच आहे. जूनमध्ये झटका आला आणि बाबांनी तिला इथे आणलं, तेव्हापासून उजवा हात उचलत नाही. धरलं तर बाथरूमपर्यंत चालते. बोलणं मात्र गेलं. 'ते' एवढा एकच शब्द येतो. डॉक्टर म्हणतात, तिला सगळं कळतं, फक्त शब्द सापडत नाहीत. रोज दुपारी ती काहीतरी मागते. 'ते, ते' म्हणत राहते. आई पाणी देते, ती ग्लास ढकलते. गोळी, शाल, रिमोट, पोथी, आम्ही एकेक करून पुढे धरतो आणि ती रडायला लागते. तुला माहितीये ना, आजी कधी रडायची नाही. तिला सांभाळायला येणाऱ्या दोन मावश्या सोडून गेल्या.

आता मेन गोष्ट. टिटवाळ्याच्या पुढे म्हाताऱ्या माणसांची एक संस्था आहे, ती बाबांनी बघून ठेवलीये. म्हणतात, तिथे नर्स असतात, तिला काय हवंय ते निदान त्यांना तरी कळेल. दसरा झाला की ठरवणार. मला आजी जायला नकोय. चौथीपर्यंत मी तिच्याकडेच होते, डोंबिवलीत मानपाड्याला, ते घर आता बंद आहे. शाळेतून आले की ती माझे बूट काढायची आणि आज वर्गात कोण रडलं ते आधी विचारायची. अभ्यासाचं नंतर. अजून शाळेतून येताना मी मनात ठरवत असते की आज आजीला कोणाचं नाव सांगायचं, आणि दार उघडलं की आठवतं.

आम्हाला नववीला नवीन विषय आहे, संगणकीय विचार. गायकर सर शिकवतात. त्याला कॉम्प्युटर लागतच नाही. मोठा प्रॉब्लेम छोट्या तुकड्यांत तोडायचा, कुठे सारखं सारखं होतंय का ते बघायचं, बिनकामाचं गाळायचं, आणि मग कोणालाही जमतील अशा पायऱ्या लिहायच्या. प्रोजेक्टला घरातला खरा प्रॉब्लेम घ्यायचाय. सर्वेशने घेतलाय, माजिवडा नाक्यावर रिक्षा लवकर कशी मिळवायची. मी घेतला, आजीला काय हवंय. सर म्हणाले, आजीला लहानपणापासून ओळखणारं कोणी असेल तर त्यांना विचार. तू तिची सख्खी बहीण.

तर तिला काय काय आवडायचं ते सगळं लिही. मी एकेक करून विचारीन.

तुझी श्रिया


कल्याण
१३ सप्टेंबर

श्रिया बाळ,

तीर्थरूप नाही लिहिलंस ते बरं केलंस, उगाच म्हातारं झाल्यासारखं वाटतं. पत्र आज मिळालं. मी आयुष्यभर टपालखात्यात पत्रं वेगळी करायच्या कामाला होते, आमच्या वेळी ठाण्याचं पत्र दुसऱ्या दिवशी कल्याणात यायचं. असो. आता माझं कोणी ऐकत नाही, आणि मलाही कोणाचं ऐकू येत नाही.

ताईच्या आवडी लिहायला बसले तर वही पुरायची नाही. आणि तू एकेक करून विचारणार म्हणतेस, म्हणजे दिवाळी उजाडेल आणि तोवर ती तुला ग्लास फेकून मारेल. एकेक विचारायचं नसतं. हे मला कोणी शिकवलं माहीत आहे का? तुझ्याच आजीने.

आम्ही पारनाक्याजवळ चाळीत राहायचो. नवरात्रात अंगणात भोंडला असायचा. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी, आणि शेवटी खिरापत. जिच्या घरचा भोंडला, तिची आई झाकलेला डबा घेऊन यायची. आत काय आहे ते ओळखल्याशिवाय कोणाला घास मिळत नसे. आम्ही पोरी नुसत्या ओरडायचो. लाडू? शंकरपाळे? वाटली डाळ? गूळपापडी? घसा कोरडा व्हायचा आणि डबा काही उघडायचा नाही. तुझी आजी मागे गप्प उभी असायची, परकराच्या नाडीशी चाळा करत. सगळ्या दमल्या की पुढे येऊन विचारायची, तिखट की गोड? गोड म्हटलं की तिखटाचं सगळं गेलं. मग, ओलं की सुकं? मग, डबा हलवला तर वाजतं का? चार-पाच प्रश्नांत ती डब्यापाशी पोचायची. पोरी तिच्यावर जाम चिडायच्या, आणि मी तिची बहीण म्हणून ऐटीत तिच्या शेजारी जाऊन उभी राहायचे. काय दिवस होते ते. आता त्या चाळीच्या जागी सोनाराचं दुकान आणि वर सात मजले आहेत.

पोस्टातही आम्ही हेच करायचो. पोत्यातलं पत्र उचलून कोणी गावांची नावं पाठ म्हणत बसत नाही. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. तुझ्या सरांकडे याला काही भारदस्त नाव असेल.

तर तिच्यापुढे वस्तू नाचवू नकोस. तिचाच खेळ तिच्याशी खेळ. प्रत्येक प्रश्नाने निम्मं गळलं पाहिजे.

मी यायला हवं होतं, पण तीन जिने आणि हे गुडघे. तुझ्या बाबाला, विनीतला, तसं सांग. आणि ताई आता कशी दिसते ते मला लिहू नकोस.

द्वारकाआजी


माजिवडा
१९ सप्टेंबर

द्वारकाआजी,

सरांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, हाच आपला पुढचा धडा आहे. मग त्यांनी वर्गात खेळ घेतला. मनात शंभरच्या आतला आकडा धरायचा आणि बाकीच्यांनी 'पन्नासच्या वर की खाली' असं विचारत जायचं. सात प्रश्नांत आकडा सापडतोच. सान्वीला पटेना, तिने दहा वेळा खेळून बघितलं. भोंडला कोणालाच माहीत नव्हता, मग मीच फळ्यावर हत्ती काढला. डुकरासारखा आला.

घरी पहिल्याच दिवशी लोचा झाला. आजी मान हलवायची, पण ती हो की नाही तेच कळेना. आपल्याकडे मान सरळ कुठे हलते, ती डोलते. आई म्हणाली हो म्हणतेय, बाबा म्हणाले नाही म्हणतेय. मग मी सरांचं ऐकलं, की आधी यंत्र तपासायचं आणि मग उत्तरावर विश्वास ठेवायचा. मी विचारलं, तुझं नाव शेवंती आहे? मान डोलली. तू पोलीस आहेस? तरी तशीच डोलली. म्हणजे मान बाद. आता ती माझं बोट डाव्या हातात धरते. मूठ आवळली तर हो, बोटं सोडली तर नाही. पोलीसला लगेच सोडली, आणि माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं.

आणि चाललं. सीरियसली चाललं. खाण्याचं आहे? नाही. अंगाचं? हो. कमरेच्या वर? नाही. डावा पाय? नाही. उजवा? हो. पायाला आधाराचा पट्टा बांधतात ना, त्यात तिची करंगळी मुडपून राहायची. तीन महिने. आई तिथेच खाली बसून रडली. दुसऱ्या दिवशी कळलं की आई तिच्यासाठी भक्तिभावाने भजनांचा चॅनेल लावून ठेवते, तो आजीला बंद हवाय.

पण दुपारचं काही सापडत नाही. मी सारखेपणा शोधला. जेवण झाल्यावर, तीनच्या आसपास सुरू होतं, आणि आईचा फोन वाजला की जास्तच. मग मी तुकडे पाडले. अंगाचं? नाही. खाण्याचं? नाही. या खोलीतलं? नाही. स्वयंपाकघरातलं, हॉलमधलं, देव्हाऱ्यातलं? नाही. घरातलं कोणी जवळ हवंय? नाही. डब्यात काही उरलंच नाही. बाबा म्हणाले, बघ, तिला काही नकोय, मेंदूचा त्रास आहे तो, तू उगाच टेन्शन घेतेस.

आता काय विचारू?

श्रिया


कल्याण
२४ सप्टेंबर

श्रिये,

करंगळीचं वाचलं आणि चहा तसाच ठेवून उठले. एवढ्या मोठ्या माणसांना जे दिसलं नाही ते तू शोधलंस. तुझ्या आईला म्हणावं, वाईट वाटून घेऊ नको. आणि भजनाचा चॅनेल ताईला आवडणार नाही हे मी फुकटात सांगितलं असतं.

एका वर्षी ताईसुद्धा हरली होती, ते सांगते. शांताबाई म्हणून शेजारीण होत्या, त्यांच्याकडचा भोंडला. गोड आहे इतकं कळलं. मग तळलेलं? नाही. भाजलेलं? नाही. उकडलेलं? नाही. ताईचं तोंड रडवेलं झालं, कारण तिचे प्रश्न कधी संपायचे नाहीत. शेवटी हार मानली. झाकण उघडलं तर आत उसाचे करवे. सोललेला ऊस, तुकडे केलेला. काही चुलीवर चढलंच नव्हतं. ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जसा काही ऊस मीच आणला होता. मग आपणहून म्हणाली, 'द्वारके, विचारायच्या आधीच आपण निम्मं फेकून दिलं होतं.'

तुझे प्रश्न मी पुन्हापुन्हा वाचले. प्रश्न चांगले आहेत, पण सगळे त्या माजिवड्याच्या घरातले आहेत. खोली, ओटा, हॉल, देव्हारा, घरातली माणसं. घराबाहेर एक जग आहे बाळ. पहिला प्रश्न हा हवा, इथलं की दुसरीकडचं?

इतकी हुशार पोर तू, हे तुला सुचलं नसेल असं मला वाटत नाही.

द्वारकाआजी


माजिवडा
२९ सप्टेंबर

द्वारकाआजी,

हो, सुचलं होतं. पहिल्याच दिवशी सुचलं होतं. मी तो प्रश्न मुद्दाम विचारला नाही आणि विचारणार पण नाहीये.

तू तिकडे कल्याणला बसून लिहितेस, तुला इथलं काय माहीत? मी विचारलं आणि तिने मूठ आवळली, तर बाबा काय म्हणतील? म्हणतील, बघ, तिलाच इथे राहायचं नाहीये. आणि टिटवाळा पक्कं. ते फॉर्म पण घेऊन आलेत. म्हणजे माझ्याच प्रश्नाने आजी जाणार. संध्याकाळी मी तिच्या केसांना तेल लावते तेव्हा ती डोळे मिटून बसते, तिला इथे बरं वाटतं. मला माहितीये ते.

तू तर एकदाही तिला भेटायला आली नाहीस. गुडघे गुडघे. आमच्याकडे लिफ्ट आहे.

श्रिया


कल्याण
४ ऑक्टोबर

श्रिये,

परवा दसऱ्याचं सोनं द्यायला कोणी आलं नाही, काल तुझं पत्र आलं. वाचून राग आला, मग तू खरं लिहिलंयस हे कळलं आणि राग गेला.

आधी तुझं सांगते. जे उत्तर नको आहे ते तू डब्यातच ठेवलं नाहीस, आणि मग डब्यात उत्तर सापडत नाही म्हणून रडतेस. असं केलं तर हजार प्रश्न विचारले तरी ते सापडायचं नाही. आणि दुसरीकडचं म्हणजे टिटवाळा, हे कोणी ठरवलं? तू आणि विनीतने. 'गोड' म्हटल्यावर तुझी आजी 'लाडू' म्हणून मोकळी नाही व्हायची, पुढचा प्रश्न विचारायची. तसं 'दुसरीकडचं' म्हटल्यावर तूही थांबायचं नाहीस. विनीतला समोर बसव. अर्ध्यावर त्याला उठू देऊ नको.

आता माझं. दुपारी तीन हे तू लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं. मी तुला लिहिलं नाही. रोज तीनला ताईचा मला फोन यायचा. माझ्या कानात दुसऱ्या कोणाचा आवाज शिरत नाही, तिचा शिरायचा, कारण ती ओरडायची. मानपाड्याच्या त्या इमारतीत माझ्या गुडघ्यांची खबर सगळ्यांना असायची. जूनपासून माझा फोन वाजला नाही. मी तीन वाजता अजून त्याच्याजवळ जाऊन बसते. वेडेपणा आहे, पण बसते.

गुडघे हे निमित्त आहे, लिफ्ट मला माहीत आहे. ताई गप्प, मी बहिरी, आणि दोघी समोरासमोर बसलो आहोत, हे मला डोळ्यांपुढे आणवत नाही. म्हणून आले नाही. ती बोलायची थांबली तेव्हा माझ्यासाठी सगळं जगच बोलायचं थांबलं, हे तुला सांगून काय उपयोग असं वाटायचं. आता सांगितलं.

विचार तिला. घाबरू नको.

द्वारकाआजी


माजिवडा
९ ऑक्टोबर

द्वारकाआजी,

विचारलं.

बाबांना खुर्ची देऊन समोर बसवलं आणि सांगितलं, मी संपलं म्हणेपर्यंत उठायचं नाही. आजीच्या हातात बोट दिलं. दुपारी तू जे मागतेस ते इथलं आहे? बोटं सोडली. दुसरीकडचं? मूठ आवळली. बाबांनी लगेच आईकडे बघितलं. मी म्हटलं, बाबा, अजून झालं नाही.

बाबांनी दाखवलेल्या त्या संस्थेत जायचंय? तिने इतक्या पटकन हात सोडला की बाबा खाली बघायला लागले. मानपाड्याचं आपलं घर? मूठ. तिथून काही आणायचंय? नाही. तिथे राहायचंय? मूठ.

मग मी विचारलं, आमच्याबरोबर? आम्ही तिकडे राहायला येऊ का, असं.

बोटं सोडली.

सर म्हणतात, उत्तर आवडलं नाही म्हणून तोच प्रश्न परत चालवायचा नसतो. मी चालवला. तेच आलं. मला खूप लागलं ते, द्वारकाआजी. मी तिथेच उठून गेले असते, पण बाबांना मीच बसवून ठेवलेलं.

एकटीला राहायचंय? नाही. मग पुढचा प्रश्न मला माहीत होता, तुझ्या पत्रामुळे. निम्मं करत बसायची गरज नव्हती. द्वारकाआजीबरोबर? तिने मूठ आवळली ती सोडेचना. माझ्या बोटावर तिची नखं उमटली.

बाबा म्हणाले, मावशीला ऐकू येत नाही, आईला बोलता येत नाही, दोघी मिळून करणार काय? आणि आजी हसली. जूनपासून पहिल्यांदा. तोंड अर्धंच वर जातं तिचं, पण आवाज पूर्वीचाच आहे. मग आईपण हसली.

बाबा म्हणतात, दिवाळीपर्यंत करून बघू. घर तळमजल्याला आहे, जिने नाहीत. दिवसभरासाठी बाई ठेवू, आणि बाबा एक दिवसाआड तिकडे जातील. पण तू हो म्हणायला हवं. तू येशील का, ते मी लिहून विचारतेय, कारण मला तुझं बोट धरता येत नाही.

प्रोजेक्ट दिला. सरांनी विचारलं, मग उत्तर काय आलं? मी म्हटलं, बरोबर आलं सर, पण मला ते नको होतं. सरांनी वही बंद करून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

श्रिया


मानपाडा, डोंबिवली
३ नोव्हेंबर

श्रिया बाळ,

दिवाळीत तुम्ही सगळे इथे होतात तेव्हा निवांत बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते. विनीतने काल सांगितलं, आता तारीख वगैरे काही नाही, चाललंय तोवर चालू दे. दिवसाची प्रियांका चांगली आहे, ताईला व्यायाम करायला लावते आणि शिव्या खात नाही, कारण ताईला शिव्या देता येत नाहीत.

आम्ही भांडतो. भाजीत मीठ किती यावरून, खिडकी उघडी की बंद यावरून. मी बडबडते, ती बोटं सोडते. तिला बोलता येत नाही म्हणून माझं काही अडत नाही, नाहीतरी मला ऐकू आलं नसतं. मला ऐकू येत नाही याचं तिला काही नाही, तिची सवय जुनी आहे. तीन वाजता आम्ही दोघी खिडकीशी बसतो. मी घाबरले होते तसं काही झालं नाही. ती 'ते, ते' करत मला काहीतरी सांगते, पूर्वीसारखंच जोरात, आणि ते मला ऐकू येतं. काय म्हणते ते निम्मं कळतं. निम्मं नाही कळलं तरी आम्ही कंटाळत नाही.

दिवाळीत तू आमच्याबरोबर हसलीस, पण निघताना ताईच्या पाया पडून लगेच गाडीत जाऊन बसलीस. ते माझ्या लक्षात आलं. तिच्याही आलं. तू विचारणार नाहीस, म्हणून मी विचारलं. श्रियावर काही राग आहे? तिने बोटं सोडली. विनीतकडे हाल झाले? सोडली. सुनेचं, सोनलचं काही? सोडली. मग विचारलं, तुला तुझ्या घरात राहायचं होतं, इतकंच ना? तिने मूठ आवळली आणि माझ्याकडे असं बघितलं, की एवढ्यासाठी प्रश्न कशाला लागतो. तुम्ही नकोत असं ती कधीच म्हणाली नाही, बाळ. तुम्ही सगळे इथे राहायला आला असतात तर हे घर तुमचं झालं असतं, आणि तिला तिचं घर हवं होतं. ज्या घरात तुझे बूट काढले, तेच हे घर.

काल शनिवार समजून, तू येशील म्हणून, ती सकाळपासून दाराकडे तोंड करून बसली होती. मी कॅलेंडर दाखवलं, तर कॅलेंडरवर चिडली.

शाळा सुटली की शनिवारी ये. बेल वाजवू नकोस, दार नुसतं ढकल. बेल मला ऐकू येत नाही, आणि तू आलीस म्हटलं की ताई कोणाला न धरता स्वतः उठायला बघते.

द्वारकाआजी